थांबा

चॅटमच्या टेकडीखाली, लॉन्ड्रीसमोर
मी सकाळी आठ दहाला उभी असते.
पिवळा कोट, आणि 'थांबा' लिहिलेली काठी.
पुढे धरली की पाववाल्याची व्हॅन थांबते,
वकिलाची गाडीसुद्धा.
एवढीच काय ती माझी सत्ता.

सहा हिवाळे टॅम्सिन आणि केझाया
हातमोज्यांचा एकच जोड वाटून घेत गेल्या माझ्यासमोरून.
एकीचा डावा, एकीचा उजवा,
उघडे हात एकमेकींत.

गुरुवारी टॅम्सिन घाईत असायची. शिकवणी.
तासाला पंचेचाळीस पौंड, तिची आई सांगत होती
दुसऱ्या एका आईला, माझ्या डोक्यावरून.
केझाया गुरुवारी धाकट्याला घेऊन घरी.
बापाची रात्रपाळी, जिन्यात पाय वाजवायचे नाहीत.

हुशार आहे हो पोरगी.
गाडी थांबायच्या आत नंबरप्लेटची बेरीज सांगायची.
पण परीक्षेत म्हणे आकृत्या होत्या,
वळवलेल्या, दुमडलेल्या, कोपऱ्यात ठिपका.
"मी असलं पहिल्यांदाच पाहिलं, मॉरीन."
टॅम्सिननं तीनशे वेळा पाहिलं होतं.

निकालाच्या दुसऱ्या दिवशी दोघी
नेहमीपेक्षा जास्त बोलत होत्या.
कुणाच्यातरी कुत्र्याविषयी.

माझंही पाकीट पातळच होतं, एकाहत्तर साली.
आईनं ते घड्याळामागे खोचलं, म्हणाली,
बरं झालं, कोटाचे पैसे वाचले.
पुढे कितीतरी वर्षं
मीही लोकांना हेच सांगत आले, हसत.

सप्टेंबरात टॅम्सिन पलीकडे, चढाच्या वाटेला,
किरमिजी कोट, सोनेरी काठ.
केझायाचा बसथांबा अलीकडेच.
कोट दोन मापं मोठा, बाहीत बोटं हरवलेली,
पाच वर्षं पुरवायचाय.

मोठ्या शाळेच्या मुलांना हात धरून न्यायचं नसतं,
ती आपली आपण जातात.
तरी शुक्रवारी आली माझ्याजवळ.
"मला पलीकडे सोड ना."
तुझी बस इथूनच, मी म्हटलं.
"माहितेय."

मी काठी धरली. चार गाड्या थांबल्या.
ती पलीकडे गेली, चढाकडे पाहिलं,
मोजे चढवले.
"आता परत."

मी पुन्हा काठी धरली.
मागच्यानं हॉर्न दाबला.
दाब म्हटलं, दाब.