पोटातलं तेल

कंग्राळीत हलगेकर फिटर म्हणून विचारा,
कुणीही घर दाखवेल.
उद्यमबागेतल्या फौंड्रीतनं उठून
चौदा महिने बर्फात जनरेटर राखायला गेलेला माणूस.
पेंग्विनचं विचाराल तर "बघितले की," एवढंच.
मग खुर्ची पुढं ओढून
सांगतील त्या दुसऱ्याचं:
राखाडी, थोराड, चोचीवर नळी बसवलेला
जायंट पेट्रेल.

गल्लीनं ऐकलं पेट्रोल.
शेजारची मल्लव्वा अजून म्हणते,
तुमचे यजमान डिझेलचे,
तिकडं पेट्रोल बघायला कशाला गेले?

ट्रॅक्सच्या बॉनेटवर आडवा पसरला
तर दोन्हीकडं पंख लोंबतील एवढा.
वारा नसला की आधी पाण्यावरनं पळतो,
थप थप थप,
बॅटरी उतरलेल्या गाडीगत.
मेलेल्या सीलच्या पोटात खांद्यापर्यंत मान घालतो,
वर काढतो तेव्हा तोंड लाल,
शेपूट फुलवून दुसऱ्यांच्या अंगावर जातो.
मादी त्या भांडणात कमीच, ती लांब समुद्रात जाते.
"म्हणजे घर ती चालवते," मी म्हटलं.

हे म्हणाले, अंडं एकच. पाळी दोघांची.
एक बसतो, एक जातो,
पाच दिवस, सहा, कधी त्याहून जास्त.
बसलेला उठत नाही.

मी ओटा पुसत होते.
पुसलेलाच परत पुसला.

जवळ गेलं की थुंकतो.
खाल्लेल्याचं तेल पोटात साठवतो तो,
त्याच्यावर लांबचं उडतो,
त्यातलंच पिल्लाला भरवतो,
आणि परक्याच्या अंगावरही तेच.
पक्षी मोजणाऱ्या साहेबांची वही धरायला
हे एकदा बेटावर गेले होते.
ते जाकीट अजून ट्रंकेत आहे.
सोड्यानं धुतलं, शिकेकाईनं, लिंबानं,
मार्कंडेयच्या धोंड्यावर आपटून झालं.
धोबी म्हणाला, अक्का, परत आणू नका.

आणि पिल्लू?
लोकरीचं गाठोडं नुसतं.
चालता येत नाही, थुंकता येतं.
आई आली तरी आधी थुंकतं म्हणे,
ओळख पटेपर्यंत.

हे परतले तेव्हा रेणू अडीच वर्षांची.
येताना कुंदा आणला, द्रोण अजून कोमट.
मांडीवर घेऊन भरवला.
तिनं दाढीकडं बघितलं,
माझ्याकडं बघितलं,
आणि सगळा कुंदा ह्यांच्या तळहातावर थुंकून
माझ्या पदरामागं आली.

मी हात उगारला होता.
हे तसेच बसले, ओंजळ धरून,
त्यात काही सांडू नये असं.
"असू दे," म्हणाले, "नेम बरोबर हाय."

कार्तिकात गारठा पडला की
घोंगडी काढायला मी ट्रंक उघडते.
वास अजून तेवढाच.
मल्लव्वा दारातनं नाक धरते,
एन री इदु?

पेट्रोल, मी म्हणते.