उतरवला :

फॉर्मवर रकाना होता : किती टक्के कामावर?
मी लिहिलं, चाळीस.
मग बराच वेळ पेन तसंच धरून बसले –
कुठले चाळीस?
हात द्यायचे, की नजर,
की रात्री साडेतीनला जो टक्क जागा असतो
आणि अगदी तल्लख, तो भाग?
डॉक्टर हूक्स्ट्रा म्हणाल्या, दोन तास. आठवड्यातून तीनदा.
तेवढंच उत्तर त्यांच्याकडे होतं.

एप्रिल. फ्रीसलंडचा वारा, सायकल मागे ढकलणारा.
बेकरीच्या दारात येल्मरची आई दिसली.
तिनं पावाची पिशवी या हातातून त्या हातात घेतली
आणि म्हणाली, "छान दिसतेस."
पाय मोडला असता तर प्लास्टरवर सह्या केल्या असत्या सगळ्यांनी.
या दुखण्यावर सही कुठं करायची, त्यांना कळत नाही.
मलाही कळलं नसतं.

पुलावरची खोली तीन पावलं रुंद.
वीबेनं काच पुसलीय, बाहेरूनसुद्धा.
माझा कप खिळ्यालाच आहे. शेजारी कागदाच्या पुडीत
ज्येष्ठमधाच्या काळ्या गोळ्या, खारट,
ज्या त्याला स्वतःला आवडत नाहीत.
"किल्ली अडकते जरा," तो म्हणतो, "डावीकडे दाबून फिरव."
सात महिन्यांनी भेटलेल्या माणसाला
याहून नेमकं कुणी काय सांगावं?

नोंदवही मी मागत नाही. तोच पुढे सरकवतो.
मागची पानं चाळायची नव्हती; चाळली.
चार सप्टेंबर. माझंच अक्षर.
उचलला : ९.४०
नौका :
उतरवला :

नौका नव्हतीच.
कालव्यात दोन पाणकोंबड्या होत्या फक्त,
आणि माझा हात, आणि पूल
आभाळाला टेकलेला. दोन्ही बाजूंना गाड्या,
दुधाचा टँकर, शाळेची बस. आधी हॉर्न, मग नुसतेच
उतरून उभे राहिलेले लोक.
खाली आणायचं म्हणजे एक बटण.
कुठलं, ते मला माहीत होतं.
पन्नास मिनिटं माहीत होतं.

"तू भरलं नाहीस?"
"माझी पाळी नव्हती," वीबे म्हणतो,
टोपी घालून निघतो,
आणि पुलापलीकडं बाकाशी
न निसटलेली चेन बसवत बसतो.

अकरा दहा. पूर्वेकडून एक शीड.
भोंगा : लांब, आखूड, लांब.
पोटात काहीतरी आधीच उचललं जातं.
दिवे लाल. फाटकं खाली.
एक सायकलवाला थांबतो, एक पाय जमिनीवर, शिट्टी वाजवत.
डावीकडे दाबून फिरवते.
रस्ता उठून उभा राहतो.

गळाची काठी खिडकीबाहेर काढते, दोरीला लाकडी बूट;
सुकाणूवरचा म्हातारा त्यात दोन नाणी टाकतो,
वर बघतो, मला ओळखत नाही.
किती बरं वाटतं त्याचं.

नाव गेली. पाणी हलतंय अजून.
आता ते दुसरं बटण.
सायकलवाल्याची शिट्टी थांबते.
पलीकडं चेनही थांबते.
मी मोजत नाही, पण तीनचार श्वास मध्ये जातात.

उतरतो.
शेवटी लोखंडावर लोखंडाचा जो एक ठोका पडतो
तो तळपायांतून वर येतो. हे विसरले होते.

लिहिते : उचलला ११.१२. नौका, एक. उतरवला ११.१८.
सप्टेंबरचं पान ठेवते तसंच.
दोन तासांतला सव्वा तास उरलाय.
एक गोळी तोंडात टाकते.
खरंच वाईट आहे. दुसरी घेते.