मागाचा खड्डा

माग विकला तेव्हा खड्डा तेवढा उरला,
कमरेइतका, पाय सोडून बसायचा.
पडवीचे पत्रे आधीच उतरवले होते,
त्यामुळे वडगावातल्या आमच्या घरात
आभाळ पहिल्यांदा तिथंच उतरलं.
सातेरी म्हणाला, माती टाकू, झाडं लावू.
तलावाच्या गाळाची एक ट्रॉली,
सतराशे रुपये, हमाली वेगळी.

मी अबोली लावली, दोन वांगी, एक कढीपत्ता.
पंधरा दिवसांत वर आलं ते भलतंच.
हिरव्या सुया. ताठ, चकचकीत,
खाली बसून कुणी टोचत असल्यासारख्या.

उपटलं. पातं हातात आलं,
खालचं खालीच राहिलं.
गंगव्वा भिंतीवर हनुवटी टेकून बघत होती.
"जेकु," ती म्हणाली.
"लव्हाळा," मी म्हणाले.
नावावरून भांडायला दोघींनाही वेळ नव्हता.
"कित्तष्टू बरतैती," म्हणाली,
आणि एक बोट मिटून पाच उघडून दाखवली.

तिचं बोलणं कळलं. गोष्ट कळायला वेळ लागला.
चाळीस वर्षं मी तुटलेला धागा सांधत आले.
अंगठा, तर्जनी, एक पीळ, झालं.
साडी नेसणारीला गाठ कधी सापडली नाही.
आणि हे जमिनीखालचं सूत
तुटलं की वाढतं.
एकेक तुकडा आपापली कांडी भरून बसलेला.

धाकट्यानं औषध आणलं,
नाकाला रुमाल बांधून मारलं.
आठ दिवस सगळं पिवळं.
मग लव्हाळा परत आला.
अबोली आली नाही.

माळ्यावर फणी होती, जाड्या सुताची,
गंजली म्हणून भंगारवाल्यानंही न नेलेली.
मार्चात पाणी बंद केलं, माती वाळू दिली,
खड्डा पुन्हा उकरला
आणि काठावर पाय सोडून बसले.
पाय सवयीनं खाली पावड्या शोधत राहिले.

मूठ मूठ माती फणीवर घासली.
माती खाली, गाठी वर.
काळ्या, केसाळ, हरभऱ्याएवढ्या,
आणि गाठीगाठीमधून तारेसारखा चिवट दोरा.
तो तोडायचा नाही.
एवढं एकच नवीन शिकायचं होतं,
हात मात्र ऐकत नव्हते.
"काय चाललंय गे?" सातेरीनं विचारलं.
"उसवतंय."

भिंतीपाशी पोचले तेव्हा एक दोरा
पायाच्या दगडाखालून पलीकडे गेलेला.
जरा ओढला.
"अय्य!" गंगव्वा तिकडून ओरडली,
तिच्या मिरच्यांमधलं पातं हललं होतं.
तिच्याकडून आला की माझ्याकडून गेला,
तिनं विचारलं नाही.
ट्रॉली माझी होती. मीही सांगितलं नाही.
दुसऱ्या दिवशी ती खुरपं घेऊन
भिंतीच्या तिच्या अंगाला बसली.
एकमेकींचं तोंड दिसत नव्हतं, खुरपी ऐकू येत होती.
तिला ठाऊक असणार.

दोन डबे गाठी निघाल्या.
गच्चीवर उन्हात पसरल्या तर तिसऱ्या दिवशी
वास सुटला, ओळखीचा, अंघोळीचा.
दिवाळीत पुडी आणतो आपण, नागरमोथा म्हणून,
पैसे देऊन.
हसू आलं, मग राग आला,
मग एक मूठ कागदात बांधून फडताळात ठेवली.
बाकीच्या चुलीत.

गंगव्वानं अबोलीचं रोप दिलंय.
रुजलं, दोन पानं नवीन आलीत.
आज सकाळी त्याच्या बुंध्याशी
एक हिरवी सुई.

हात पुढे गेला होता, मागे घेतला.
खुरपं आणायला आत आले.
चहा उकळला होता,
तो आधी घेतला.