जोडतिकीट

बोहरी आळीतले हकीमुद्दीन अत्तरवाला
काउंटरच्या काचेवर बोटाने चौकोन आखून म्हणाले,
एवढंसं तिकीट पाहिजे, बाई.
पोस्टाचं नाही, शोभेचं.
पार्सलवर लावीन, बिलावर लावीन,
दुकानाला ऐंशी वर्षं झाली.
चित्र कसलं?
वासाचं काढा.
बाटली नको, बाटली सगळेच काढतात.

घरी येऊन कागदावर अंगठ्याचं पेर टेकवलं,
भोवती पेन्सिल फिरवली. झाली जागा.

केवडा काढला, तो मक्याचं कणीस झाला.
मोगऱ्याचा साबुदाणा झाला.
धुराच्या तीन नागमोडी रेघा बघून
शेजारची ओवी म्हणाली, चहा का?
एकदा नुसतं नाकच काढलं.
ते फाडलं नाही, फ्रिजवर आहे.

वासाला कड नसते
आणि तिकीट म्हणजे निम्मी कडच.

मग एका बुधवारी, फडके हौदाजवळ, भर दुपारी
कोणीतरी अंगाजवळून गेलं
आणि माझी मान वळली.
माणूस दिसला नाही. हातगाडी, दोन स्कूटर,
डोक्यावर पितळी घागर घेतलेला एक पोरगा.
वाळ्याचं अत्तर होतं.
फार मागच्या एका मे महिन्यातल्या
कोणाच्यातरी कॉलरचं.
पिशवीत पाव किलो भेंडी,
ती तशीच धरून
मी मान वळवून उभी.

त्या रात्री दोन तिकिटं काढली, लागून लागून.
डावीकडच्यात एक पाठ,
चौकटीतून निघालेली, एक पाऊल आधीच बाहेर.
उजवीकडच्यात बाई. तिची मान डावीकडे.
दोनच रंग, विटकरी आणि भिजल्या वाळ्याचा.

नारायण पेठेत लोणकरांकडे
भोकं पाडायचं मशीन अजून पायाने चालतं.
दर दाबाला खाली
कागदाचे ठिपके सांडतात, राईएवढे.
जोडी आहे होय, लोणकर म्हणाले,
मग मधली ओळ सोडू का?
नको, पाडा.
फाटायला तर पाहिजे.

हकीमुद्दीनभाईंनी ताव उजेडाला धरला.
बराच वेळ गप्प.
मग विचारलं, यात अत्तर कुठाय?
म्हटलं, मध्ये. त्या भोकांत.
ते हसले की खोकले, कळलं नाही.
पैसे रोख दिले, वर पुडीत एक फाया.

सिटी पोस्टातल्या कारकुनाने
पाकीट उलटसुलट करून पाहिलं.
याच्यावर किंमत कुठे छापलीय?
नाहीये किंमत.
मग खरं तिकीट लावा शेजारी.
लावलं.

दिवाळीनंतर बार्शीहून एक पत्र आलं.
पाकिटावर नुसती बाई,
डावी कड दातेरी, ती अजून तिकडेच बघतेय.
शिक्का नेमका तिच्या मानेवर बसलेला,
पाच रुपयांचं खरं तिकीट कोरंच.
आत वहीचा अर्धा कागद:
तुमचा पत्ता अत्तरवाल्यांनी दिला.
दुसरा अर्धा पोरांनी कपाटाला चिकटवलाय.
रोज विचारतात,
हा माणूस कुठे चाललाय?

आठ दिवस झाले, उत्तर लिहितेय.
भेंडी आणायला, असं लिहिलं, खोडलं.
काल सगळे झोपल्यावर
ते पाकीट नाकाशी धरून पाहिलं.

डिंक.
आणि बार्शीच्या पोस्टातली शाई.