एक चमचा, सपाट

यामे गावच्या चहागिरणीत मला पगार मिळतो
तो जिभेचा.
रोज सकाळी अकरा पांढऱ्या वाट्या एका ओळीत,
आणि ओळीच्या टोकाला पितळी पिकदाणी,
जिच्यात मी आजवर फारसं काही थुंकलेलं नव्हतं.

सातव्या आठवड्यात वासच उलटला.
जो हिरवा मला कोवळ्या वाटाण्याचा यायचा
तो एकाएकी मासळीच्या टोपलीचा झाला.
मालक ओनिझुका-सान काही बोलले नाहीत.
खिडकी उघडली, वजनांची वही पुढे सरकवली,
"काही महिने तुम्ही आकडे लिहा."

चौथ्या महिन्यात मळमळ गेली
आणि तलफ आली,
सोडून दिलेल्या मांजरासारखी,
दाराशी येऊन बसली, हलेचना.

"पूर्ण बंद करू?" मी सुईणीला विचारलं.
नागातोमी-साननी चष्मा कपाळावर चढवला.
"बंद कोण म्हणालं? मोजा.
बाकीच्या चहाची पानं आपण गाळून टाकतो,
माचात तुम्ही पानच पिता, अख्खं, दळलेलं.
त्यातलं कॅफीन तुमच्यातून बाळात उतरतं
आणि ते जिरवण्याची सोय अजून त्याच्याकडे नाही.
दिवसाला दोनशे मिलिग्रॅमच्या आत राहा,
कॉफी, कोला, चॉकलेट सगळं धरून.
एक लहान वाटी चालेल.
जेवणावर मात्र नको, चहा लोह अडवतो,
आणि रक्त तुमचं आधीच कमी."
मग माता-बाल पुस्तिकेत, वजनाच्या खाली,
पेन्सिलीने लिहिलं: एक वाटी. जेवणापासून लांब.

घरी वेगळाच कायदा.
मी स्वयंपाकघरात पाय ठेवला
की सासूबाई भाजलेल्या जवाचं पाणी पुढे ठेवायच्या,
तोंडातून ब्र न काढता.
चहाचा डबा रोज एकेक फळी वर चढत होता.
फुसाएबाई माझ्या खांद्याला लागतात.
म्हणजे रात्री, सगळे झोपल्यावर,
एकोणसत्तराव्या वर्षी
त्या स्टुलावर चढत होत्या.

शेवटी मी पुस्तिका त्यांच्यासमोर उघडली.
त्यांनी त्या ओळीवरून बोट फिरवलं. पुन्हा फिरवलं.
"मला कुणी आकडा सांगितला नव्हता," म्हणाल्या.

हिरोमूच्या आधी एक होतं.
पाच महिन्यांचं.
पोटाला पट्टा बांधून आठच दिवस झाले होते.
डॉक्टर म्हणाले, होतं असं कधी, कारण सापडत नाही.
बायकांना सापडलं.
मळेवाल्याची लेक, म्हणाल्या,
हिच्या हातातली वाटी सुटत नव्हती.
"एक्केचाळीस वर्षं तो डबा उघडतेय,
झाकण काढलं की आधी त्यालाच विचारते."

मला काय बोलावं सुचेना.
जे येतं ते केलं.
गिरणीतला छोटा तराजू घरी आणला,
बांबूचा चमचा भरून वरून सपाट केला.
एक ग्रॅम.
तीसेक मिलिग्रॅम कॅफीन, मी सांगितलं,
इकडेतिकडे थोडं, पानावर अवलंबून.
त्या वाकून काट्याकडे बघत राहिल्या.
कागदावर हिरव्या धुळीची एक टेकडी,
फुंकर मारली तर संपेल एवढी.
"एवढंच?"
मी मान हलवली.
तराजू मागचं काही सांगत नाही,
हे आम्हा दोघींनाही कळत होतं.

त्यांनीच पाणी निववलं, त्यांनीच घुसळलं,
मनगट अजून झपाझप चालतं.
फेस बारीक आला, काठाशी थोडा फुटका.
वाटी माझ्या हातात देताना
घड्याळाकडे बघून घेतलं,
जेवून दोन तास झालेत ना?

बाहेर मळ्यावर काळं कापड ओढलं होतं,
तोडणीला अठरा दिवस होते,
पानं अंधारात आपापलं काम करत होती.

दुसऱ्या दिवशी डबा खालच्या फळीवर होता.
स्टूल मात्र त्यांनी
अजून जागचं हलवलेलं नाही.