हत्ता

टेबलावर सकाळपासून मांडलंय:
पितळी डबा, झाकण हरवलेला;
राजापुरी हळकुंड, मोडलेलं, आत नारिंगी;
चहाची किटली, तोटी भिंतीकडं
रुसल्यासारखी;
आणि अण्णांचा रुमाल.
खिडकी दक्षिणेला, कोल्हापूर रस्त्याकडं.
उजेड मिळेल तो घ्यायचा.

किटली दुपारपर्यंत जमली.
म्हणजे किटली गेली, उरला तिचा कान
आणि काळ्याचा एक कोन,
ज्यातून चहा ओतता येणार नाही
पण चटका बसेल.
डबा सरळ गोल करून टाकला.
हळकुंड मात्र हळकुंडच राहिलं. हट्टी.
ब्रश कितीही सैल धरला
तरी पेराला पेर.

रुमाल जमेना.
तीनदा खरवडला. चौथ्यांदा
कॅनव्हासचं सूत दिसायला लागलं.

पाच वाजता दारात खोकला.
नेमगोंडा मगदूम, सांगली मार्केट यार्ड,
आता घरीच.
"चिरगूट नुसतं टाकून कसं चालंल?
खाली कायतरी पायजे की."
रुमालाखाली हात घातला.
म्हणाले, "तुझा दे."

एकोणचाळीस हंगाम हा हात
पोत्यांच्या थप्प्यांमध्ये, कापडाखाली,
परक्या बोटांशी बोलत आला.
एक बोट म्हणजे एक, की दहा, की शंभर,
ते माल बघून ज्याचं त्यानं समजायचं.
वर चेहरे कोरे.
भोवती अख्खा बाजार डोळे लावून,
आणि बघण्यासारखं एवढंच:
एक फडकं, जरा हलणारं.

माझं मधलं बोट धरलं. मग दोन. मग पंजा.
किती म्हणाले, कळलं नाही.
त्यांच्या नखांत अजून हळद,
माझ्या नखांत ट्यूबमधलं कॅडमियम.

ते आत गेल्यावर रुमाल काढला:
पिवळ्याचा सपाट तुकडा,
घडी नाही, किनार नाही,
मध्ये कुठंतरी रंग उचलला गेलाय
पेराएवढा.

जेवणानंतर अण्णा चष्मा पुसून आले.
किटलीला ओळख दिली नाही.
डब्याला म्हणाले, "ही काय, भाकरी?"
पिवळ्यापाशी थांबले. बराच वेळ.
मग दाराकडं एकदा बघून
आवाज खाली आणला:
"भाव फुटू दिला न्हाईस."