मुठीबाहेरचं

अबू मिल्हिमला हसू आवरत नाही.
रानवाटाण्याच्या वेलीपुढे गुडघे टेकून
नजला शेंगेशेंगेला पिशवी बांधते आहे,
घरच्या जुन्या पडद्याच्या जाळीची,
बाहुलीच्या टोपड्याएवढी.
"माझ्या बकऱ्यांनाही शिवून दे," तो म्हणतो.

राशयाच्या वरचा उतार. मे सरत आलेला.
जबल-अल-शेखच्या माथ्यावर बर्फाची एकच पट्टी उरली आहे,
आणि इथे दगडांच्या फटींतून
विटकरी फुलं, नखाएवढी.

दुपारी ऊन चढलं की आवाज येतो:
फट्.
शेंग स्वतःला पिळून घेते
आणि दाणे उडतात काटेरी झुडपांत, बकरीच्या खुरांत, कुठेही.

घरच्या वाटाण्याला हे येत नाही.
हजारो वर्षांपूर्वी एक शेंग फुटायची विसरली.
कुणा बाईने ती वाळून गेल्यावरही मिटलेली पाहिली
आणि ओट्यात टाकली.
तेव्हापासून आपण विसरभोळ्यांचाच वंश वाढवला.
झाकली मूठ सव्वा लाखाची,
म्हणून झाकलेलीच पेरत आलो.

झह्ल्याला नजलाची आई रविवारी बजेल्ला शिजवते.
दाणे हिरवे, गोड, एका मापाचे.
वाटाण्याचं फूल उमलायच्या आधीच
स्वतःशी लग्न लावून मोकळं होतं,
पिढ्यान्‌पिढ्या घरातल्या घरात.
मग एखाद्या वर्षी भुरी येते,
चाळणीतून पीठ पडावं तशी, सगळ्या शेतावर.
एकाला जे सोसत नाही
ते कुणालाच सोसत नाही.

या विटकरी फुलाच्या घराण्यात भुरीला थारा नाही.
भुंग्याची अळी शेंगेत शिरते
आणि बहुतेकदा तिथेच संपते.
तीन वर्षं नजला ही सोयरीक जुळवते आहे:
रानातला पराग, चिमट्याने, घरच्या फुलावर.
उलट केलं तर दाणा धरतच नाही.
पहिल्या वर्षी सत्तर फुलं, चार दाणे.
दोन उंदराने खाल्ले.
हे तिने अहवालात लिहिलं नाही.

अबू मिल्हिम काठीच्या टोकाने माती उकरतो.
"तू वरच्यांनाच पिशव्या बांधतेस. हे बघ."
वेलीचा एक पांढरा फाटा जमिनीत उतरलेला,
आणि त्याच्या टोकाला, उजेडच न पाहिलेली
एक फिकट शेंग. दोनच दाणे.

वरचं बकरी खाईल, ऊन उधळील,
पाकिटात घालून नजला नेईल,
हे वेलीला कोणी सांगितलं?

पाकिटावर क्रमांक लिहून झाला होता.
ती तो खोडते.
माती परत लोटते, तळव्याने दाबते,
अंथरुणात मूल दाबून निजवावं तशी.

संध्याकाळी पिशव्या मोजते. बारा बांधल्या होत्या.
एकीची गाठ सैल, आत नुसतं ऊन.
"अकरा," ती लिहिते.
अबू मिल्हिम हसत नाही.
बकऱ्या हाकतो, त्या जागेला
जरासा वळसा घालून.